पक्ष्याचं यकृत: चरबी, बलक आणि शिटेतला पांढरा भाग

पक्ष्याच्या शरीरात श्वासपटल नसतं. त्याचं यकृत समजून घ्यायचं तर सुरुवात इथूनच करावी. माणसाच्या किंवा कुत्र्याच्या शरीरात छाती आणि पोट यांच्यामध्ये स्नायूंचा पडदा असतो. त्याच्या वर हृदय आणि फुप्फुसं, खाली यकृत. पक्ष्याला असा पडदाच नाही. त्याची फुप्फुसं लहान असतात आणि पाठीकडच्या बरगड्यांमध्ये घट्ट रुतून बसलेली असतात, त्यामुळे हृदयाच्या आजूबाजूची मोकळी राहिलेली जागा यकृत व्यापतं. कोंबडीचं शवविच्छेदन करताना छातीचं हाड उचललं की सगळ्यात आधी हेच नजरेत भरतं: तांबूस-तपकिरी, चकचकीत यकृताचे दोन खंड आणि त्यांच्या पुढच्या भागात अर्धवट झाकलं गेलेलं हृदयाचं निमुळतं टोक. पहिल्यांदा बघणारा हमखास विचारतो, यकृत छातीत कसं काय आलं?

जागा वेगळी आहे तसाच कामाचा वाटाही वेगळा आहे. आपल्या शरीरात जी कामं चरबीच्या ऊती, लसिकावाहिन्या (ऊतींमधला पातळ द्रव रक्तात परत नेणाऱ्या नळ्या) आणि इतर अवयव आपापसांत वाटून घेतात, त्यातली बरीचशी पक्ष्यात एकट्या यकृताच्या वाट्याला येतात. उडणारं, अंडी घालणारं आणि पाणी जपून वापरणारं शरीर चालवायचं तर रसायनांचा फार मोठा व्यवहार सांभाळावा लागतो, आणि तो बहुतांशी या अवयवातून होतो. म्हणूनच पक्ष्याच्या यकृताचे आजार आपल्यापेक्षा वेगळे दिसतात. हे ठाऊक नसलं तर ते नजरेतून सुटतात.

आधी रचना. यकृताचे मुख्य खंड दोन, उजवा आणि डावा, आणि बहुतेक पक्ष्यांत उजवा मोठा. कोंबडी आणि टर्कीमध्ये डाव्या खंडाचे पुन्हा दोन भाग पडलेले असतात. मोठ्या कोंबडीत यकृताचं वजन शरीराच्या सुमारे २ टक्के भरतं, म्हणजे दोन किलोच्या कोंबडीत साधारण ४० ग्रॅम. निरोगी यकृताच्या कडा पातळ, धारदार असतात. सूज आली की त्या गोलसर होतात. रोगनिदान करणारा माणूस रंगाइतकंच कडेकडे बघतो, कारण रंग फसवू शकतो. अंड्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या पिल्लाचं यकृत चक्क पिवळं असतं. बलकातली चरबी आणि तिच्याबरोबरचं पिवळं रंगद्रव्य यकृतात येऊन साठलेलं असतं, त्याचा तो रंग. एक-दोन आठवड्यांत तो जातो आणि यकृत नेहमीसारखं तपकिरी होतं. तसंच, मेलेल्या पक्ष्यात पित्ताशयाला लागून असलेल्या यकृतावर हिरवा डाग दिसतो. तो आजाराचा नसतो. मृत्यूनंतर पित्त झिरपून पडलेला तो डाग असतो.

यकृताभोवती पडद्यांच्या बंद पोकळ्या असतात. झपाट्याने वाढणाऱ्या मांसल कोंबड्यांच्या हृदयाची उजवी बाजू थकली की रक्त यकृतात तुंबतं, त्यातलं पाणी आणि प्रथिनं पाझरतात आणि या पोकळ्यांमध्येच साठतात. उघडून पाहिलं तर यकृतावर पिवळसर जेलीसारखे गोळे बसलेले दिसतात. बघताना दोष यकृताचा वाटतो, पण त्याचं मूळ हृदयात आणि फुप्फुसात असतं.

यकृताला रक्त दोन वाटांनी येतं. रोहिण्या प्राणवायू आणतात. आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरा नुकतंच पचलेलं अन्न आणतात, आणि पक्ष्यात अशा शिरा दोन असतात. हे सगळं रक्त यकृतपेशींच्या भिंतींमधल्या अरुंद वाटांतून झिरपत जातं. सस्तन प्राण्यांमध्ये या भिंती सहसा एका पेशीच्या जाडीच्या असतात, पक्ष्यांत बऱ्याच ठिकाणी दोन पेशींच्या. सूक्ष्मदर्शकाखाली डुकराच्या यकृतात षटकोनी कप्पे स्पष्ट आखलेले दिसतात. पक्ष्याच्या यकृतात कप्प्यांमधली संयोजी ऊती इतकी कमी असते की एक कप्पा कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला हे चटकन कळत नाही.

पित्त हिरवं, म्हणून कावीळही हिरवी

यकृतात तयार झालेलं पित्त लहान आतड्याच्या पहिल्या भागात पोचतं, तेही दोन नळ्यांनी. डाव्या खंडाची नळी थेट आतड्यात उघडते आणि उजव्या खंडाची पित्ताशयामार्गे. अर्थात पित्ताशय असेल तर. कोंबडी, बदक, हंस यांना ते असतं. कबुतराला नसतं, शहामृगाला नसतं, बहुतेक पोपटांनाही नसतं, मात्र काकाकुव्यांना असतं. ज्यांना नाही त्यांचं काही अडत नाही. पित्त साठवून न ठेवता ते सतत थोडं थोडं सोडत राहतात.

जुन्या तांबड्या पेशी मोडल्या की त्यातल्या हिमोग्लोबिनपासून आधी बिलिव्हर्डिन हे हिरवं रंगद्रव्य बनतं. आपल्या शरीरात एक विकर (एन्झाइम) त्याचं लगेच पिवळ्या बिलिरुबिनमध्ये रूपांतर करतं. आपल्याला कावीळ झाली की डोळे पिवळे होतात ते या बिलिरुबिनमुळे. पक्ष्यांत हे विकर फार कमी असतं किंवा जवळजवळ नसतंच, त्यामुळे त्यांच्या पित्तातलं मुख्य रंगद्रव्य हिरवंच राहतं. यकृत बिघडलं की हे हिरवं द्रव्य रक्तात चढतं, मूत्रपिंडातून बाहेर पडतं आणि शिटेत दिसतं. पक्ष्याची त्वचा किंवा डोळे पिवळे होण्याची वाट बघत बसलात तर ती वेळ बहुधा येणारच नाही. कोंबडीची पिवळी त्वचा आणि पिवळे पाय तर खाद्यातल्या कॅरोटिनॉइड रंगांमुळे असतात. त्यांचा यकृताच्या आजाराशी काही संबंध नाही.

पक्षी पाळणाऱ्या प्रत्येकाला शिट वाचता आली पाहिजे. तिचे तीन भाग असतात: आतड्यातून आलेली घट्ट विष्ठा, मूत्रपिंडातून आलेला पांढरा, खडूसारखा भाग, आणि भोवतीचं थोडं पाणी. घट्ट भाग हिरवा असणं हे पुष्कळदा साधं असतं. पक्ष्याने पाला खाल्ला असेल, किंवा काहीच खाल्लं नसेल आणि रिकाम्या आतड्यातून नुसतं पित्त उतरलं असेल. (उपाशी राहणं हीही काळजीचीच गोष्ट, पण तिचं कारण वेगळं असू शकतं.) जो भाग पांढरा असायला हवा तोच पिवळसर-हिरवा किंवा गडद हिरवा झाला, तर मात्र यकृताकडे लक्ष द्यायलाच हवं. ताजी शिट पांढऱ्या कागदावर घेऊन बघितली की हा फरक साध्या डोळ्यांनी कळतो.

चरबीची सगळी वर्दळ

आपण खाल्लेली चरबी आतड्यातून लसिकावाहिन्यांत शिरते आणि हृदयाजवळ रक्तात मिसळते, म्हणजे पहिल्या फेरीत ती यकृताला वळसा घालून जाते. पक्ष्यांचं लसिकातंत्र तुलनेने तोकडं असतं. त्यांच्या आतड्यातून चरबीचे कण थेट पोर्टल शिरेत जातात आणि पहिला मुक्काम यकृतातच करतात. शिवाय धान्यातल्या पिष्टापासून नवी चरबी बनवण्याचं कामही पक्ष्यांत मुख्यतः यकृत करतं. त्यांच्या चरबीच्या ऊती या कामात फारशा नसतात, त्या प्रामुख्याने साठवतात. यकृत चरबी बनवतं, प्रथिनाच्या वेष्टनात गुंडाळून रक्तात सोडतं आणि ती तिकडे जाऊन साठते.

ही यंत्रणा सुरू होते तो क्षण बघण्यासारखा असतो. अंड्यातलं पिल्लू बलकातल्या चरबीवर जगतं, म्हणून तेव्हा त्याच्या यकृताला नवी चरबी बनवायची गरज नसते आणि ती विकरं जवळजवळ थंड असतात. पिल्लू बाहेर येतं, धान्य टिपायला लागतं आणि थोड्याच दिवसांत यकृत उलट दिशेने कामाला लागतं. काल चरबी जाळून ऊर्जा मिळवणारं शरीर आज पिष्टापासून चरबी बनवतं.

लांब पल्ल्याचं स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांत ही क्षमता टोकाला जाते. बार-टेल्ड गॉडविट हा पाणथळीतला पक्षी अलास्काहून न्यूझीलंडकडे पॅसिफिक महासागरावरून न थांबता जातो. २०२२ मध्ये एक कोवळा गॉडविट अलास्काहून टास्मानियापर्यंत १३,५६० किलोमीटर सलग उडाला, ११ दिवस. निघताना अशा पक्ष्यांच्या वजनात अर्ध्याहून जास्त चरबी असते. ही चरबी घडवणारं यकृत मात्र निघण्याच्या वेळी लहान झालेलं असतं. पेषणी (दाणे दळणारं स्नायूंचं जठर), आतडी आणि मूत्रपिंडंही आकसलेली असतात. उड्डाणात खाणं-पचवणं नाही, मग त्या अवयवांचं वजन कशाला वाहायचं? १९८७ मध्ये अलास्कात स्थलांतराला निघालेले काही कोवळे गॉडविट रडारच्या घुमटावर आपटून मेले होते. त्यांच्या शवविच्छेदनातून ही गोष्ट मोजून दिसली. मुक्कामाला पोचल्यावर खाणं सुरू झालं की अवयव पुन्हा वाढतात. मला पक्ष्यांच्या शरीरशास्त्रातली ही सगळ्यात थक्क करणारी बाब वाटते. शरीर स्वतःचे अवयव प्रवासाच्या हिशेबाने कमी-जास्त करतं.

पिंजऱ्यातल्या पक्ष्याला असा प्रवास नसतो. सूर्यफुलाच्या बियांवर वाढलेला आणि दिवसभर एका दांडीवर बसलेला पोपट चरबी खातो, बनवतो, पण जाळत नाही. ती यकृतपेशींतच साचत जाते. यकृत फिकट, फुगलेलं, ठिसूळ होतं. चोच वेडीवाकडी वाढते, नखांवर काळसर रक्ताचे ठिपके येतात, कारण रक्त गोठवणारी प्रथिनंही यकृतच बनवतं आणि आता ती कमी पडतात. अंडी देणाऱ्या कोंबड्यांमध्ये याचं आणखी भयानक रूप दिसतं. तुरा फिका पडतो, कोंबडी अचानक मरते आणि पोट उघडलं की फाटलेल्या चरबीयुक्त यकृताभोवती रक्ताची गुठळी सापडते. हा आजार नरांत क्वचित दिसतो. त्याचं कारण पुढच्या भागात आहे.

बलक अंडाशयात बनत नाही

कोंबडीच्या अंड्यातला बलक साधारण १७-१८ ग्रॅमचा, त्यातला जवळपास एक तृतीयांश भाग चरबी. ही चरबी आणि बलकातली मुख्य प्रथिनं यकृतात बनतात, रक्तातून अंडाशयापर्यंत जातात आणि वाढत्या बीजकोशात भरली जातात. बलकाची मोठी वाढ अंडं पडण्याआधीच्या शेवटच्या ८-१० दिवसांत होते. रोज किंवा दिवसाआड अंडं देणाऱ्या कोंबडीत वेगवेगळ्या वयाचे कितीतरी बलक एकाच वेळी भरत असतात, म्हणजे यकृताला उसंत नाहीच.

हे प्रत्यक्ष बघता येतं. कोंबड्याचं आणि अंडी देत असलेल्या कोंबडीचं रक्त दोन नळ्यांत घ्या, गोठू देऊ नका आणि पेशी तळाशी बसू द्या. कोंबड्याच्या नळीत वरचा द्रव पिवळसर पण पारदर्शक असतो. कोंबडीच्या नळीत तो दुधाळ, गढूळ दिसतो, पलीकडचं अक्षर वाचता येत नाही इतका. तो गढूळपणा म्हणजे यकृताकडून अंडाशयाकडे निघालेला बलक. याच मालात व्हायटेलोजेनिन नावाचं मोठं प्रथिन असतं. ते स्वतःबरोबर कॅल्शियम आणि फॉस्फेटही नेतं, म्हणून अंडी देणाऱ्या कोंबडीच्या रक्तातलं कॅल्शियम इतर वेळेच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त असू शकतं. हे ठाऊक नसेल तर रक्ततपासणीचा अहवाल वाचून उगाच घाबरायला होतं.

यकृताला हा हुकूम अंडाशयातलं इस्ट्रोजेन हे संप्रेरक देतं. गंमत अशी की बलक बनवण्याची कृती नराच्या यकृतातही लिहिलेली असते, फक्त ती वाचायचा हुकूम येत नाही. कोंबड्याला इस्ट्रोजेन टोचलं की त्याचं यकृत व्हायटेलोजेनिन बनवू लागतं, जे त्याच्या शरीरात कुठेच कामाचं नाही. परिणाम ओसरल्यावर पुन्हा टोचलं तर दुसऱ्या वेळी प्रतिसाद अधिक लवकर येतो, जणू पेशींनी आधीचा हुकूम लक्षात ठेवला आहे. संप्रेरकं जनुकं कशी चालू-बंद करतात हे शिकण्यासाठी १९७० च्या दशकात प्रयोगशाळांनी याच कोंबड्यांचा खूप वापर केला.

नायट्रोजनचं काय करायचं?

प्रथिनं पचली की अमोनिया तयार होतो, आणि अमोनिया विषारी. आपलं यकृत त्याचा युरिया करतं. युरिया पाण्यात विरघळतो, मग तो मूत्रातून बाहेर टाकायला भरपूर पाणी लागतं. बंद अंड्यातल्या पिल्लाला ही चैन परवडणारी नाही. त्याचा कचरा त्याच कवचात त्याच्याबरोबर राहणार. म्हणून पक्ष्याचं यकृत युरिक आम्ल बनवतं. ते पाण्यात फारसं विरघळत नाही, साका बनून निमूट पडून राहतं आणि त्याचा एक रेणू नायट्रोजनचे ४ अणू उचलतो, युरियाच्या दुप्पट. शिटेतला पांढरा भाग तो हाच. याची किंमतही असते. युरिक आम्लाच्या प्रत्येक रेणूला ग्लायसिन या अमिनो आम्लाचा एक रेणू लागतो, म्हणून वाढत्या पिल्लांना खाद्यातून ग्लायसिन पुरेसं मिळतंय ना, हे पाहावं लागतं.

कबुतरात एक वेगळेपण आहे. त्याच्या यकृतात शेवटच्या पायरीचं विकर नसतं. १९३६ मध्ये जीवरसायनशास्त्रज्ञ हान्स क्रेब्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की कबुतराचं यकृत हायपोझँथिन या युरिक आम्लाच्या आधीच्या पदार्थापर्यंतच येऊन थांबतं आणि पुढचं काम मूत्रपिंड पूर्ण करतं. या अपुरेपणाचा विज्ञानाला मोठा फायदा झाला. १९४० च्या दशकात जॉन बुकॅनन यांच्या गटाने खुणेचे अणू असलेले पदार्थ कबुतरांना दिले आणि त्यांच्या शिटेतलं युरिक आम्ल वेगळं काढून कोणता अणू कुठून आला ते शोधलं. पुढे कबुतराच्या यकृताचा अर्क वापरून त्यांनी एकेक पायरी उलगडली. युरिक आम्लाचा हा सांगाडा आणि आपल्या डीएनएतल्या अॅडेनिन-ग्वानिन या घटकांचा सांगाडा एकाच पद्धतीने बांधला जातो. म्हणजे आपल्या पेशी डीएनएचे हे घटक कसे घडवतात, हे आपल्याला कबुतराच्या यकृताने आणि शिटेने शिकवलं. फ्रिट्झ लिपमान यांनी लावलेल्या को-एन्झाइम ए या विकरांना मदत करणाऱ्या रेणूच्या शोधातही कबुतराच्या यकृताचा अर्क होता. १९५३ चं नोबेल लिपमान आणि क्रेब्ज यांना विभागून मिळालं.

याच रसायनाची दुसरी बाजू दक्षिण आशियातल्या गिधाडांनी भोगली. १९९० च्या दशकात भारत, पाकिस्तान आणि नेपाळमधली गिधाडं झपाट्याने नाहीशी होऊ लागली. मेलेल्या गिधाडांची पोटं उघडली तेव्हा यकृतावर, हृदयावर खडूची भुकटी शिंपडावी तसा पांढरा थर होता: युरिक आम्लाचे स्फटिक. २००४ मध्ये पाकिस्तानात झालेल्या अभ्यासातून कारण सापडलं. गुरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक त्यांच्या मृतदेहातून गिधाडांच्या पोटात जात होतं आणि गिधाडांची मूत्रपिंडं बंद पडत होती. यकृत आपलं काम इमाने करतच होतं, युरिक आम्ल बनवतच होतं, पण ते बाहेर काढणारं कोणी उरलं नव्हतं. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. भारताने २००६ मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली.

विष, लोह आणि तपासणी

विषाचा पहिला तडाखा यकृतालाच बसतो. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्कीची पिल्लं मेली. कारण कळेना, म्हणून त्याला ‘टर्की एक्स’ म्हणू लागले. शेवटी दोष खाद्यातल्या बुरशी लागलेल्या शेंगदाणा पेंडीत निघाला आणि अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाचा शोध लागला. हे विष मुळात तितकं घातक नसतं. यकृताची विकरं त्याच्यावर प्रक्रिया करतात तेव्हा त्याचं जहाल रूप तयार होतं. ते निकामी करणारी यंत्रणा पाळीव टर्कीच्या यकृतात फार दुबळी आहे, म्हणून टर्की इतकी नाजूक. बदकाची पिल्लंही तशीच. कुबट वास येणारं धान्य पक्ष्यांना घालू नये, एवढं तरी कुणीही पाळू शकतं.

डोंगरी मैना आणि टूकन यांच्यात लोहाचा प्रश्न असतो. निसर्गात फळांतून लोह कमी मिळतं, म्हणून त्यांचं आतडं मिळेल तेवढं शोषून घेतं. बंदिवासात लोहयुक्त खाद्य मिळालं की जास्तीचं लोह यकृतात साठत जातं आणि त्याचं नुकसान करतं. क जीवनसत्त्वाचीही अशीच जातीगणिक तऱ्हा आहे. कोंबडी, कबुतर, बदक ते मूत्रपिंडात बनवतात, काही गाणाऱ्या पक्ष्यांचं यकृत बनवतं, आणि लालबुड्या बुलबुलाला ते बनवताच येत नाही, त्याला ते फळांतून मिळवावं लागतं.

आता जिवंत पक्ष्याचं यकृत तपासायचं कसं? फिंचसारख्या लहान पक्ष्याची त्वचा इतकी पातळ असते की पोटावरची पिसं स्पिरिटने ओली करून बाजूला सारली की यकृताची कड दिसू शकते. ती छातीच्या हाडाच्या मागच्या कडेपलीकडे आली असेल तर यकृत वाढलेलं आहे. मोठ्या पक्ष्यात क्ष-किरण किंवा सोनोग्राफी लागते. रक्ततपासणीत माणसांसाठी महत्त्वाचं असलेलं एएलटी हे यकृतपेशींतलं विकर पक्ष्यांत फारसं उपयोगी पडत नाही. एएसटी हे दुसरं विकर वाढतं, पण ते स्नायूला इजा झाली तरीही वाढतं, म्हणून सोबत सीके हे स्नायूचं विकर मोजतात. आणि ही विकरं पेशी फुटल्याचं सांगतात, यकृत किती काम करतंय ते सांगत नाहीत. त्यासाठी पित्ताम्लं मोजतात. पित्ताम्लं आतड्यात जातात, तिथून शोषली जाऊन परत येतात आणि निरोगी यकृत ती रक्तातून लगेच उचलून घेतं. यकृत थकलं की ती रक्तात रेंगाळतात. पक्षी वरून ठीक दिसत असला, दाणे टिपत असला, तरी हा आकडा वाढलेला असू शकतो. आजारी पक्षी शेवटपर्यंत आजार लपवतो, म्हणून शिटेतला पांढरा भाग हिरवा दिसताच पक्ष्यांच्या जाणकार डॉक्टरकडे जाऊन ही तपासणी मागून घ्यावी.